फरक स्पष्ट करा

“इथे यायच्या आधी घरी काही औषध घेतलं होतं का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

सर तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून बायको म्हणाली, “घेतल्या ना. अँटिबायोटिकच्या गोळ्या. कपाटात उरल्या होत्या, मीच घेतल्या.”

तिचा उजवा गाल बधिर होता, डोळा सुजून मिटला होता, शब्द तोंडातून वाकडेतिकडे बाहेर पडत होते. खोटं मात्र अगदी सरळ आलं.

“किती दिवस?”

“आठवडाभर.”

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. “काकू, डायबेटिस असताना असं मनाने काही घेतात का? ही बुरशी आहे. त्या गोळ्यांनी तिचा केससुद्धा वाकडा होत नाही. आठवडा आधी आला असतात तर डोळा कदाचित वाचला असता.” मग त्या सरांकडे वळल्या. “काका, तुम्ही काय करता?”

“शिक्षक आहे.”

“विषय?”

“जीवशास्त्र.”

“मग तुम्ही तरी लक्ष द्यायचं हो!”

“हो,” सर म्हणाले.

गोळ्या सरांनी दिल्या होत्या. मध्ये त्यांची दाढ ठणकत होती, तेव्हाच्या उरलेल्या. बायको म्हणाली होती, एकदा डॉक्टरला दाखवून येऊ. त्यावर सरांनी शेवटच्या बाकावरच्या पोराला समजवावं तसं समजावलं होतं, “सायनस आहे. जिवाणूंचं काम. गोळी जिवाणूची भिंत फोडते, आपल्या पेशीला भिंतच नसते, म्हणून आपल्याला काही होत नाही. इतकं साधं आहे.” तिने निमूटपणे गोळी गिळली. सरांना नळाचा वायसर बदलता येत नसे, भाजीवाल्याशी घासाघीस जमत नसे, मुलीच्या सासरच्यांपुढे तर तोंडातून शब्द फुटत नसे. संसारात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाईल असा हा एकच विषय होता, आणि तिने तो मानला होता.

शाळेत त्यांना ‘पेशी’ म्हणत. पेशी आली, पेशी गेली, पेशी आज चिडलीय. सरांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. मधोमध रेघ मारून डावीकडे वनस्पतिपेशी, उजवीकडे प्राणिपेशी असा तक्ता ते डोळे मिटून काढत. सजीवांच्या पाच सृष्टींपैकी चार त्यांनी जीव ओतून शिकवल्या. पाचवी बुरशीची. ती वर्षाच्या शेवटी यायची, तोवर पोरं परीक्षेच्या हवेत असायची. “कवकं घरी वाचून घ्या,” सर म्हणायचे. “दोन मार्कांना येतं.”

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी डॉक्टरबाईंनी सगळं स्पष्ट सांगितलं. डोळा आणि वरच्या जबड्याचा तुकडा काढायचा. नाही काढला तर बुरशी मेंदूत शिरणार. काढला तरी औषध द्यावंच लागणार, आणि त्या औषधाने मूत्रपिंडं जायची भीती.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, “आता मला नीट शिकवा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलंत. बुरशीचं औषध माझ्या मूत्रपिंडांवर का उठलंय?”

“कारण बुरशी आपल्याला जवळची आहे,” सर म्हणाले. “जिवाणू लांबचे. त्यांच्या पेशीत धड केंद्रकही नसतं, म्हणून त्यांना वेगळं काढून मारता येतं. बुरशीची पेशी पुष्कळशी आपल्यासारखी. बाहेरून भिंत असते, पण आतलं आवरण जवळपास तसंच. औषधाला फरक नीट कळत नाही.”

“म्हणजे नात्यातली?”

“लांबच्या चुलत घराण्यातली म्हण.”

“तरीच. तुमच्या चुलत्यांनीही शेवटी घरच खाल्लं.” ती हसायला गेली, गाल हललाच नाही. “आणि झाडं?”

“झाडांपेक्षा आपल्यालाच जवळची.”

“बघा. आणि मी जन्मभर तिला शेवाळाची बहीण समजत होते.”

सर चादरीची कड सरळ करत राहिले. मग म्हणाले, “मी त्यांना सांगतो. गोळ्यांचं.”

“सांगून डोळा राहतो का?”

“नाही.”

“मग गप्प बसा. तुम्हाला वर्गात उभं राहायचंय. मला कुठे फळ्यासमोर जायचंय?”

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, दिसली तेवढी सगळी काढली. न दिसलेलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. खाटेखाली लटकवलेली लघवीची पिशवी रोज थोडी कमी भरू लागली.

एका सकाळी डॉक्टरबाई शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आल्या. बायकोचा अर्धा चेहरा पट्ट्यांत होता, नाकात नळी होती. टाळूच राहिली नव्हती, तेव्हा बोलण्याचा प्रश्न नव्हता.

“पेशंटने स्वतःच्या मनाने आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “चूक काय?”

एक चष्मेवाली मुलगी घडाघडा बोलली. जिवाणूची पेशी अशी, बुरशीची तशी, म्हणून ते औषध निरुपयोगी. पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं उत्तर होतं.

“शाबास. हे शाळेतलं पोरही सांगेल.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

सर उठून उभे राहिले. या वेळी मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

“गोळ्या मी दिल्या,” ते म्हणाले. “तिने नाही घेतल्या. ती डॉक्टरकडे चला म्हणत होती, मी नको म्हटलं. हे सगळं मी शाळेत शिकवतो.”

चष्मेवालीने मान खाली घातली. कोणीतरी दोन कडक शब्द सुनावावेत, निदान डॉक्टरबाईंनी तरी, म्हणून सर ताठ उभे होते.

डॉक्टरबाईंनी हातातली फाइल मिटली. “बसा काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आता त्याने उपचारात काही फरक पडत नाही.” आणि घोळका पुढच्या खाटेकडे सरकला.

सर बसले. तिने ऐकलं का, तिला राग आला का, हे पाहायला ते वाकले, तर समोर नुसती पट्टी होती. सकाळपासून ते तिच्या उजव्या बाजूला बसले होते. त्यांनी खुर्ची उचलली, पाय घासू न देता खाटेला वळसा घातला आणि डावीकडे आणून ठेवली.

डोळा उघडाच होता. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो मिटला.