दरसालचा कोंबडा

कुवरसिंग पावराने आयुष्यात एकच हुशारी केली, आणि तीच आज त्याच्या मुळावर आली होती.

सातपुड्याच्या पायथ्याची तीन एकर जंगलजमीन आधी बाप कसायचा, मग तो. जंगलचे नाकेदार अभिमननाना होळीच्या तोंडावर यायचे, अतिक्रमणाच्या दंडाची पावती फाडायला. कुवरसिंग त्यांच्या हातात कोंबडा ठेवायचा, की पावती टळायची. शेजारचा हिलाल अडेलतट्टू. त्याने कोंबडा दिला नाही, दोनदा दंड भरला, आणि कुवरसिंग पाड्यावर त्याची टिंगल करत फिरला. आता बघा गंमत! सरकार म्हणे वनहक्काचा पट्टा देणार, पण २००५च्या आधीपासून कसत होता याचे दोन पुरावे दाखवा. हिलालने त्याच पावत्या काढून दाखवल्या. त्याला पट्टा मिळाला, वर विहीरही मंजूर झाली. कुवरसिंगकडे होता म्हाताऱ्यांचा एक जबाब. दुसरा पुरावा नानांच्या पोटात गेला होता.

नाना आता निवृत्त होऊन सावद्याला राहत. दुसरा पुरावा म्हणून जबाब द्या, असं म्हणत कुवरसिंग तीनदा जाऊन त्यांच्या पाया पडला, पण खरं सांगून पेन्शनवर गदा आणायला ते तयार नव्हते. आज ग्रामसभेने बोलावलं म्हणून नाइलाजाने आले. ग्रामसेविका नूतनताईंनी दोनदा विचारलं, हे शेत तुम्ही पाहिलं होतं का? नाना मान खाली घालून म्हणाले, आठवत नाही. दावा फेटाळला की जमीन गेली, मग जन्मभर दुसऱ्याच्या बागेत केळीचे घड वाहायचे. नूतनताईंनी शेरा मारायला पेन उचललं.

तेवढ्यात त्याची बायको दिवालीबाई उठली. तिच्या पदराखाली पाय बांधलेला कोंबडा होता. कोणाला न विचारता तिने तो नानांपुढे ठेवला.

"हाऊ दरसालना कोंबडा शे, नाना. ल्या."

भर सभेत नानांची लाच उघडी पाडून बाईने घात केला, असंच कुवरसिंगला वाटलं. नानांचा चेहरा पार उतरला. कोंबड्याकडे बघतच ते बोलू लागले. मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंत यांचंच शेत, नोकरीला लागल्यापासून बघत आलोय, असं त्यांनी सांगितलं. नूतनताईंनी साल विचारलं.

"अठ्ठ्याण्णव. आणि दर होळीला यांचा कोंबडा खाल्ला. तेही लिहा."

जबाब लिहून झाल्यावर त्यांनी त्यावर सही केली. मग त्यांनी कोंबडा उचलून कुवरसिंगच्या हातात दिला.

"घे. तुझी पावती द्यायची राहिली होती."