निकाल लपव

केनियातल्या केरिचोजवळच्या एका चहा कारखान्याच्या सभेत जेरोटिच मतदान चालवत होती. आठवड्यातली ही तिची पाचवी सभा. उभं राहून पाय सुजले होते. कामगार फोनवर उत्तर द्यायचे आणि मोठ्या पडद्यावर पट्ट्या वाढायच्या.

प्रश्न होता, कामाची नवी पाळी तुम्हाला जमते का? 'नाही'ची पट्टी सरकत सरकत पार टोकाला गेली. तसे व्यवस्थापक ओकुमू तिच्या कानाशी आले. "निकाल लपव. नेट गेलं म्हणून सांग."

तिने बटण दाबलं आणि पडदा कोरा झाला. असं तिने आधीही केलं होतं.

मागून एक बाई ओरडली, "काय गं पोरी, आमची मतं चहाबरोबर पिऊन टाकलीस की काय?"

सगळे हसले. जेरोटिचला आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. तिने निकाल पुन्हा दाखवला.

"पुढच्या वेळी दुसरी कुणीतरी बघतो," ओकुमू पुटपुटले.

"बघा साहेब. मला झोप तरी मिळेल."

दोनशे बारा जणांना पाळी जमत नव्हती. आता तो आकडा सगळ्यांनीच वाचला होता, ओकुमूंनीही. मग त्यांनी माइक त्या बाईकडे पाठवला. पहाटे तीनला घर सोडावं लागतं, असं ती सांगू लागली, आणि जेरोटिच खुर्चीत टेकली.