पंपाविना आहेर

जिलालीच्या तीनचाकी मोटारसायकलचा पंप मेला तेव्हा त्याने शोक केला नाही. पंप होता तरी केवढा, मुठीत मावेल एवढा. इंजिनाच्या श्वासावर चालायचा. इंजिनाने हवा आत ओढली की पंपाच्या पोटातला रबरी पडदा हलायचा आणि खालच्या टाकीतलं पेट्रोल वर कार्ब्युरेटरपर्यंत चढायचं. तो पडदा फाटला. नवा पंप कासाब्लांकाहून निघाला आहे, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. कासाब्लांकाहून येणाऱ्या वस्तूंचा झरहूनच्या डोंगरातल्या लोकांना अनुभव आहे. त्या नेहमी निघालेल्याच असतात.

"पंप हा मुळात लाचार प्राणी," जिलाली कॉफीच्या दुकानासमोर, गाडीखाली आडवा पडून म्हणाला. "इंजिन चाललं तर पंप चालणार, पंप चालला तर इंजिन चालणार. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यापेक्षा टाकी वर ठेवा. पेट्रोल आपलं आपण खाली येतं. पाणी येतं, दगड येतो, निवडणुकीच्या आधी आमदारसुद्धा येतो."

"खेचराला यातलं काही लागत नाही," बेन्नासर पुदिन्याच्या चहाचा घोट घेऊन म्हणाला.

बेन्नासरकडे दोन खेचरं होती आणि त्यांच्याविषयी त्याचं मत फार चांगलं होतं. त्यातलं एक पूर्वी जिलालीचं. ते विकूनच जिलालीने ही गाडी घेतली होती. गावाच्या वरच्या मोहल्ल्यात पिकअप शिरत नाही, गल्ल्या अरुंद. वर न्यायचं सामान पिढ्यान्‌पिढ्या खेचरावर जायचं. ते यंत्रावरही जाऊ शकतं, असं जिलालीने गावाला सांगून ठेवलं होतं. गावाने मान डोलावली होती आणि खेचरंच बोलावणं चालू ठेवलं होतं.

जिलालीने ऑलिव्ह तेलाचा एक चौकोनी डबा घेतला, धुतला, उन्हात वाळवला. तळाशी एका टोकाला पितळी कॉक झाळून घेतला. झाकणाला बारीक भोक पाडलं, कारण वरून हवा आत शिरली नाही तर पेट्रोल रुसून डब्यातच बसतं. पंप काढून टाकला. इंजिनाची जी नळी पंपाला श्वास द्यायची, तिच्या तोंडात बोल्ट ठोकून वर पट्टी आवळली. ते तोंड उघडं राहिलं तर इंजिन तिथून चोरून हवा पितं आणि पिसाटतं. मग सीटमागे लोखंडी घोडी उभी करून डबा माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवला, खाली पारदर्शक फिल्टर, त्याखाली कार्ब्युरेटर. कॉक उघडला. फिल्टर भरताना सगळ्यांनी पाहिला. किक मारली आणि इंजिन असं चालू झालं, जणू पंप नावाची अडचण आजवर त्याने केवळ भिडेखातर सहन केली होती.

त्या दिवशी जिलालीने सिमेंटची पोती वरच्या मोहल्ल्यात नेली. ओली वाळूही नेली. बेन्नासरने ती जाताना पाहिली आणि खेचरांना जरा जास्त चारा घातला.

आता राहिलं लग्न. जिलालीच्या थोरल्या बहिणीच्या, लाल्ला बतूलच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि मुलगी वरच्या मोहल्ल्यातल्या हाज बुश्ताची. मुलाकडून मुलीकडे वाजतगाजत आहेर जायचा होता. जिलालीने तो गाडीवरून न्यायचा शब्द दिला. अख्खं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहणार. आहेर वर पोहोचला तर उन्हाळ्यातली सगळी लग्नं जिलालीची. वाटेत अडकला तर बेन्नासरची, आणि जिलालीने गाडी कोंबड्यांना बसायला द्यावी. हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं, पण सगळ्या गावाला माहीत होतं.

आहेराच्या दिवशी बतूल गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"हे काय?"

"टाकी."

"तेलाचा डबा आहे तो."

"होता, ताई. आता टाकी आहे."

"मी माझ्या सुनेच्या दारात साखरेच्या ढेपांच्या डोक्यावर पेट्रोलचा डबा मिरवत नेऊ? लोक म्हणतील, बतूल पोरीला मागणी घालायला आली की घर पेटवायला?"

"ताई, त्याला उंची लागते. उंची गेली की सगळं शास्त्रच गेलं."

"उंची माझ्या घराण्याची दिसली पाहिजे, डब्याची नाही. खाली घे. आणि अर्धं पेट्रोल काढ, वास येतो."

जिलाली यंत्रांशी वाद घालत असे, बतूलशी नाही. यंत्र कधीतरी ऐकतं. त्याने घोडी उतरवली आणि डबा सीटमागे, सामानाच्या हौद्याच्या तळाशी, गाडीच्या लांबीला धरून बांधला, कॉक पुढच्या बाजूला. तरीही डबा कार्ब्युरेटरच्या वीतभर वर होताच. वीत ही काही कमी उंची नव्हे. त्याने अंगणात दोन चकरा मारून बघितलं. इंजिन कुरकुरलं नाही. अंगण सपाट होतं. त्या वेळी ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी वाटली नाही.

मग आहेर चढला. निळ्या कागदातल्या साखरेच्या ढेपा, मेंदी, खजूर, सोनेरी काठाचे कफ्तान, मैद्याची पोती, तेलाचे बुधले. हे सगळं डब्यावर रचलं. सगळ्यात मागे, फाळक्याला बांधून, एक मेंढा उभा केला. त्याच्या शिंगांना फिती बांधल्या होत्या आणि त्याला त्या पसंत नव्हत्या.

सनईवाले पुढे, बायका त्यांच्या मागे, मग गाडी. गाडीच्या मागे, थोडं अंतर राखून, बेन्नासर आपली दोन्ही खेचरं घेऊन चालत होता. खेचरं रिकामी होती.

"कुठे निघालास?" कुणीतरी विचारलं.

"सहज. त्यांना पाय मोकळे करायचे होते."

भट्टीच्या चौकापर्यंत, जिथे गावाचा पाव भाजतात, रस्ता बरा होता. त्यापुढे खरा चढ लागतो. जिलालीने गिअर पाडला, गाडीने नाक वर केलं, एका घराच्या भिंतीएवढं अंतर चढली, खोकली आणि बंद पडली. किक. पुन्हा खोकला. पुन्हा शांत. सनई थांबली आणि त्या शांततेत मेंढा ओरडला.

लगेच आजूबाजूच्या दारांतून तज्ज्ञ बाहेर आले.

"भोक बुजलं असेल झाकणाचं."

"प्लग. मी कालच म्हणालो होतो, प्लग."

"नजर लागली. एवढी सिमेंटची पोती नेल्यावर लागणारच."

"सगळं उतरवा," बेन्नासर मागून सौम्यपणे म्हणाला. "खेचरं आहेत. घरचं कार्य आहे, काही द्यायचं नाही. फुकट."

बेन्नासरने आयुष्यात कुठली गोष्ट फुकट दिल्याचं गावाला आठवत नव्हतं. ही द्यायला तो निघाला होता, यावरूनच ती किती महाग पडणार हे जिलालीला कळलं.

"उतरवायचं नाही," बतूल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "निघालेला आहेर वाटेत जमिनीला टेकला तर संसाराला खोट राहते. माझ्या सासूचा टेकला होता. तिचा संसार मी पाहिलाय." तिने भावाकडे पाहिलं. "जिलाली, तूच म्हणाला होतास ना, नेईन म्हणून."

जिलालीला घाम फुटला नव्हता, असं तो पुढे सांगत असे. फुटला होता, पण ऊनही होतं. त्याने वाकून फिल्टर पाहिला. कोरडा. म्हणजे प्लग नाही, नजर नाही. पेट्रोल येतच नव्हतं. झाकणाचं भोक त्याने स्वतः पाडलं होतं, त्याच्याविषयी त्याला शंका नव्हती. मग त्याने मान तिरकी केली आणि दोन पोत्यांच्या फटीतून डबा पाहिला. गाडीने नाक वर केलं होतं, म्हणून डब्याचं मागचं टोक खाली गेलं होतं. सगळं पेट्रोल तिथे जाऊन निवांत बसलं होतं, आणि कॉक पुढच्या टोकाला हवा खात होता. वीतभर उंची होती ती या चढाने खाल्ली होती. बतूलने काढायला लावलेलं अर्धं पेट्रोल असतं तरी कदाचित भागलं असतं, पण हे बोलण्याची ही वेळ नव्हती. तशी वेळ पुढेही कधी आली नसती.

डबा वर घ्यायचा तर आधी आहेर खाली घ्यावा लागणार होता.

"बाजूला व्हा," जिलाली म्हणाला. "मागे जायचंय."

"परत?" बेन्नासरने खेचराचा लगाम घट्ट धरला, बहुधा आनंद आवरायला.

"वर. पण मागे."

त्याने ब्रेक सोडत गाडी चौकात आणली. तिथे जमीन सपाट होती. फिल्टर हळूहळू भरला. इंजिन सुरू झालं. त्याने गाडी वळवली, तिचं नाक उताराकडे आणि पाठ चढाकडे केली, आणि मागे जायचा दांडा ओढला. आता चढावर डब्याचं मागचं टोक वर राहणार होतं आणि पेट्रोलला कॉककडे येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मागे जायचा गिअर तसाही गाडीतला सगळ्यात हट्टी गिअर. त्याला वेग माहीत नसतो, थांबणंही माहीत नसतं.

"ताई, मला मागचं काही दिसत नाही. ढेपा आड येतात. तू वर राहा आणि सांग."

बतूलला आजवर कुणी असं काम सोपवलं नव्हतं. ती ते आपण होऊन करत असे. तिने कफ्तान सावरला आणि चढाला पाठ करून उभी राहिली.

"उजवीकडे. जास्त नको. अरे, भिंत खरवडशील. सरळ. आता डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

"शहाण्याच्या."

सनईवाले क्षणभर गोंधळले, मग पुन्हा पुढे होऊन वाजवायला लागले. बायकांनी जिभेवरून लांब लहरती आरोळी सोडली. गाडीवर आता मेंढा सर्वांत पुढे होता. फिती बांधलेलं डोकं उंच करून तो चढ चढत असा पुढे निघाला, की आहेर त्याचाच आहे आणि बाकीचे त्याला पोहोचवायला आलेत, असं कुणालाही वाटलं असतं. जिलालीला समोर फक्त सोडून आलेला रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर, त्याच्याकडे तोंड करून, बेन्नासर. दोघं सबंध चढभर एकमेकांकडे बघत वर आले. इंजिन एकदाही खोकलं नाही.

हाज बुश्ता दारात दुधाचा वाडगा आणि खजूर घेऊन उभा होता. आधी मेंढा आला, मग ढेपा, मग कफ्तान, आणि शेवटी पाठमोरा जिलाली. हाजने हे सगळं नीट पाहून घेतलं.

"मेंढा पुढे पाठवलात," तो म्हणाला. "बरं केलंत. लोक मेंढा लपवून आणतात."

"आमच्यात असंच असतं," बतूल म्हणाली. पापणीही लवू न देता.

सामान उतरलं, आणि जमिनीला न टेकता घरात गेलं. बतूलने भावाच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि लगेच काढला. मग हाज बाहेर आला.

"मुलीचा संसार शुक्रवारी खाली न्यायचाय. गाद्या, बैठका, कपाट. कोण नेतं?"

बेन्नासर पुढे झाला. "हाज, डोळ्यांनी पाहिलंत ना. हे यंत्र सरळ चढत नाही. उलटं आणावं लागलं."

"खाली सरळ जाईल," जिलाली म्हणाला. "आणि यापुढे वरही. फक्त डबा कुठे ठेवायचा ते मी ठरवणार, आमची ताई नाही."

"मी ऐकतेय," आतून बतूल म्हणाली.

हाजने दाढीवरून हात फिरवला आणि खेचरांकडे पाहिलं. "बेन्नासर, तूही चढून आलास. तुझ्या खेचरांच्या पाठीवर काय होतं?"

"काही नाही."

"हं," हाज म्हणाला आणि दुधाचा वाडगा जिलालीच्या हातात दिला.

जिलालीने दूध संपवलं, मिशी पुसली आणि शुक्रवारी सकाळी यायचं की दुपारी, ते विचारलं.