तुटक्या दाताची शिट्टी

शिट्टी ऐकली आणि मावशींनी हेडफोन काढून आधी मागे वळून पाहिलं. मागे नुसतं कपाट होतं.

त्यांनी पुन्हा ऐकलं. दोन लांब सूर, एक आखूड, आणि शेवटी तुटक्या दातातून निसटलेली हवा. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि हे ध्वनिमुद्रण कालचं होतं.

पाखरांच्या आवाजांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत दोघांनी उभा जन्म काढला. तो दलदलीत जाऊन आवाज टिपायचा. मावशी त्यातला वारा, बेडूक, माणसं वेगळी काढायच्या. कधी त्याच्याबरोबर दलदलीत गेल्या, की जेवणाच्या वेळी तो लव्हाळ्यांतून शिट्टी घालायचा आणि त्या ओरडायच्या, "आले हो!" संसारातलं निम्मं बोलणं एवढ्यावरच भागलं. भांडायला म्हणून वेगळा वेळ मिळालाच नाही.

मावशींनी सरांना बोलावलं. संशोधन त्यांचं होतं. ऐकताच ते वैतागले. "कोणीतरी घुसलंय तिथे. टाकून द्या सगळं."

"माणूस नाही, सर. आमचे हे आहेत."

सर शिट्टी पुन्हा ऐकू लागले. मग एकदम खुर्चीतून उठले. "मावशी, नकल्या पक्षी! ऐकेल ते उचलतो. काकांची शिट्टी उचलली त्याने! पण कोणी, म्हाताऱ्या पक्ष्याने की यंदाच्या पिल्लाने? पिल्लांच्या पायात आपण पिवळी कडी घातलीत. त्यांनी काकांना कधी ऐकलंच नाही. कडीवाला शिट्टी घालत असेल, तर ती त्याला मोठ्यांनीच शिकवली. आपल्याला हेच तर सिद्ध करायचंय!"

"मग?"

"उद्या हीच शिट्टी तिथे वाजवू आणि कोण उत्तर देतं ते बघू. फक्त तोंडातून ब्र काढायचा नाही. माणसाचा आवाज मिसळला, की हंगाम वाया."

"मी कशाला बोलतेय," मावशी म्हणाल्या. पण सकाळी त्यांनी वेणी दोनदा घातली. कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

दलदलीवर धुकं होतं. दोघं कापडाच्या आडोशाला बसले. सरांनी यंत्रावर ती शिट्टी वाजवली. बराच वेळ काहीच नाही. मग लव्हाळ्यांतून तीच शिट्टी आली, दातातल्या हवेसकट. सरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि आनंदाने मावशींचा दंड दाबला. पिवळी कडी!

शिट्टी पुन्हा आली, थोडी जवळून. मावशींच्या गळ्यापर्यंत शब्द आले. त्यांनी हाताने तोंड गच्च दाबलं. तिसरी शिट्टी जरा चिडकी होती, जेवण निवत असलं की तो घालायचा तशी. तीनदा बोलवायची वेळ त्यांनी त्याच्यावर कधी आणली नव्हती. उत्तर द्यायला त्यांचा जीव तुटत होता.

तेवढ्यात मागच्या झुडपातून आवाज आला, "आले हो!"

आवाज मावशींचाच होता. ऐन तरुणपणातला, जरा धापा टाकणारा.

सरांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. मावशींनी मानेनेच नाही म्हटलं.

झुडूप हललं. काहीतरी पंख फडफडवत त्यांच्या डोक्यावरून लव्हाळ्यांकडे गेलं आणि शिट्टी थांबली. उत्तर मिळालं, की तोही पुन्हा बोलवत नसे.

मावशींचा हात तोंडावर तसाच होता. त्यांच्याआधी दुसरंच कुणीतरी जेवायला पोचलं होतं.