दोन चमचे झोप

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांना धुतलेले पडदे लागले, तेव्हाच शेजारणींनी ओळखलं की आज चष्मेवाल्यांच्या थोरलीला बघायला कोणीतरी येणार. थोरली मात्र पहाटेच उठून विद्यापीठाच्या तबेल्यात जाऊन आली होती. ती अश्वविज्ञान शिकते. घोड्यांची निगा, आणि घोड्यावर बसवून माणसांवर करायचे उपचार. नातेवाइकांना हे समजावताना तिच्या बाबांची जीभ अडखळायची. "जनावरांची डॉक्टर होतेय," असं सांगून ते मोकळे व्हायचे.

"परत अंघोळ कर. घोड्याचा वास येतोय," आई म्हणाली.

"घोड्यालाही माझा येत असेल. तो काही बोलून दाखवत नाही."

मागच्या खोलीतून खणखणीत हसू आलं. हे चिमणीचं हसू. ही धाकटी, चौदा वर्षांची. जन्मताना श्वास कोंडला, तेव्हापासून तिचे पाय ताठ आणि शब्द अडखळते. पण विनोद कळायला तिला कोणाची मदत लागत नाही. आई मात्र हसली नाही. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि कपाटावरून खोकल्याच्या औषधाची नवी बाटली खाली काढली.

ही युक्ती आत्याची. चष्मेवाल्यांची ही बहीण शहरभर लग्नं जुळवत हिंडते. पहिलं स्थळ चिमणीचं हसू ऐकून उठून गेलं, तेव्हा तिनंच आईला बाजूला घेतलं होतं. "दोन चमचे दे. तिलाही झोप, आपल्यालाही शांतता. घरात असं कोणी आहे म्हटलं की थोरलीच्या होणाऱ्या पोरांवरही लोक शंका घेतात. लग्न झालं की सांगू हळूहळू." लग्नानंतर हळूहळू सांगायच्या गोष्टींनी किती संसार नासले, याचा हिशेब असल्या बायका कधी ठेवत नाहीत.

आणि थोरलीला हे सगळं माहीत होतं. शिकलेली मुलगी, पण तिनंही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. ज्या हातांनी ती दर आठवड्याला परक्यांची मुलं घोड्यावर बसवायची, त्या हातांनी तिनं बहिणीला जिना उतरून खालीसुद्धा कधी नेलं नव्हतं. वर्गात बाईंनी एकदा विचारलं होतं, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं मूल आहे?" दोघांनी हात वर केले. थोरली वहीत बघत बसली.

त्याच बाईंनी मागच्या महिन्यात विकायला आलेली एक घोडी दाखवली होती. विकणारा म्हणत होता, लेकरासारखी गरीब आहे. सगळा वर्ग भाळला. बाई म्हणाल्या, "खालचा ओठ बघा, लोंबतोय. मान खाली आहे, मागचे पाय डळमळतायत. ही शांत नाही. हिला शांत केलंय." त्या संध्याकाळी घरी एक स्थळ येऊन गेलं. नंतर थोरली मागच्या खोलीत डोकावली तर चिमणीचा ओठ तसाच लोंबत होता आणि उशी लाळेनं भिजली होती. तरी तिनं दार लोटून घेतलं.

"आई, आज नको देऊस तिला," ती आता म्हणाली.

"मागच्या वेळी मधेच जागी झाली होती. हे लोक चांगले आहेत गं. तू जा, तयार हो."

थोरली गेली. चिमणीनं चमचा बघून तोंड फिरवलं. "न-को."

"ताईसाठी घे गं बाळा."

ताईसाठी म्हटल्यावर तिनं तोंड उघडलं. दोन चमचे झाले. मग आईच्या मनात पाल चुकचुकली, हे पुरेल का, आणि तिनं आणखी दोन दिले. बेल वाजली तसा घाईघाईत आणखी एक दिला आणि दाराला बाहेरून कडी घातली.

मुलगा, त्याचे आईवडील आणि बहीण अशी चौघं आत्याबरोबर आली. मुलगा लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि घामेजला होता. चहा झाला. मुलाची आई थोरलीकडे एकटक बघत होती.

"त्या घोड्यावर कसली मुलं बसवता तुम्ही?"

"ज्यांना चालता येत नाही अशी. चालताना आपली कंबर जशी हलते ना, तशीच घोड्याची पाठ हलते. कधीच न चाललेल्या मुलाच्या अंगाला त्यामुळे चालणं कळतं."

"आणि त्यांचे आईवडील त्यांना सगळ्यांदेखत घेऊन येतात?"

"येतात."

त्यांनी कप खाली ठेवला. आत्यानं लगबगीनं विषय बदलला. "घर बघितलंत ना कसं आहे? किती शांत!"

थोरलीनं कान दिला. आतून कूस बदलल्याचा आवाज नव्हता, घोरणंही नव्हतं. ती उठली. आईनं डोळे वटारले, आत्यानं पदर धरला. थोरलीनं तो सोडवून घेतला आणि कडी काढली.

चिमणी उताणी पडली होती. ओठ जांभळे, घशात घरघर. थोरलीनं तिला कुशीवर वळवलं, बोट घालून तोंडातला फेस काढला आणि उशाजवळची औषधाची बाटली मुठीत घेतली. "बाबा, गाडी बघा!"

दारात पाहुणे येऊन उभे होते. "शेजारची मुलगी आहे," आत्या म्हणाली. "फिट येते तिला."

"माझी बहीण आहे," थोरली म्हणाली.

पाहुण्यांचीच गाडी खाली होती. मुलगा किल्ली घेऊन पुढे धावला. त्याची आई कोणी न बोलावता मागच्या सीटवर चढली आणि चिमणीचे पाय मांडीवर धरून बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं हिला?"

"खोकला होता," आई पुटपुटली. "थोडंसं औषध."

थोरलीनं मुठीतली बाटली पुढे केली. "खोकला नव्हता, डॉक्टर. पाहुणे होते. सकाळी ही भरलेली होती."

आईनं भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबला. डॉक्टर बाटली घेऊन आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. "श्वास सुधारतोय. खरं सांगितलंत म्हणून बरं झालं. नाहीतर आम्ही फिट समजून झोपेचंच औषध वाढवलं असतं." बाबा आत जाऊन चिमणीच्या पायाशी बसले.

मुलाची आई बाकावर थोरलीशेजारी येऊन बसली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे औषध तुमच्या आत्यांनी सांगितलं?"

"हो."

"मलाही त्यांनीच सांगितलं." "माझा धाकटाही असाच आहे. एकोणीस वर्षांचा. मोठ्यासाठी मुली बघायला लागल्यापासून वरच्या खोलीत ठेवतो आम्ही त्याला."

थोरलीनं त्यांचं मनगट धरलं. "आज दिलंत?"

"निघताना दिलं. खिडकीतून ओरडतो, गल्लीला कळतं, म्हणून."

"त्याच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. आम्ही सगळेच मुलगी बघायला आलो ना."

थोरली उठली. आईजवळ जाऊन म्हणाली, "चिमणीपासून हलू नकोस. ती जागी झाली की हाक मारून बोल तिच्याशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी." मग ती मुलाच्या आईकडे वळली.

"त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?"

त्यांनी पर्स उघडली. आतली किल्ली थोरलीनंच शोधून काढली, आणि दोघी खाली गाडीशी थांबलेल्या मुलाकडे धावल्या.