पन्नास टक्क्यांची थाप

बॅटरी किती उरली हे लॅपटॉपमधली एक छोटी चिप मोजते, आणि तो आकडा इतर सॉफ्टवेअरपर्यंत पोचवणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम. तो कसा पोचवायचा हे ठरवायचं चिमीने. पस्तिशी उलटली तरी घरात ती चिमीच होती.

चिप जुनी झाली की मधेच मुकी होते. अशा वेळी काय कळवायचं? चिमीने आराखड्यात लिहिलं, ‘माहीत नाही’. तिच्या साहेबांना ते रुचलं नाही. माघारी सगळे त्यांना ‘इस्त्री’ म्हणत, कारण एकही सुरकुती त्यांना खपत नसे.

“माहीत नाही? लोकांनी एवढं महागाचं मशीन घ्यायचं आणि त्याने हात वर करायचे?” ते हसले. “पन्नास टाका. पन्नास बघून कुणाच्या पोटात गोळा येत नाही.”

“पण ते खोटं आहे.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम.”

दोन दिवस तिने वाद घातला. तिसऱ्या दिवशी वीट येऊन सही करून टाकली.

आठ महिन्यांनी वहिनीने तिला घरी बोलावलं. वहिनी कोर्टात लघुलेखिका. साक्षीदाराचा शब्द न शब्द लॅपटॉपवर टिपायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोच लॅपटॉप होता आणि वहिनी त्याच्यापासून हातभर लांब बसली होती.

“एक बाई साक्ष देत होती,” ती म्हणाली. “नवऱ्याने काय काय केलं ते. तासभर बोलली बिचारी. मी बघत होते, पन्नास टक्के. परत बघितलं, पन्नास. आणि एकदम स्क्रीन काळी.”

“सेव्ह?”

“हाताने सेव्ह करत बसले तर वाक्य सुटतं. वीस टक्के झाले की प्रोग्रामच सेव्ह करतो. पण वीस झालेच नाहीत ना! सगळं गेलं. न्यायाधीश म्हणाले, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्यापासून. वर त्याचा वकील म्हणतो, मघाशी तुम्ही वेगळं सांगितलं होतं. ती तिथेच ओकली, चिमे. सगळ्यांसमोर.”

चिमीने लॅपटॉप चार्जरला लावून त्यातल्या नोंदी उघडल्या. चिप साक्ष सुरू व्हायच्या आधीच गप्प झाली होती. पुढे ओळीने पन्नास, पन्नास, पन्नास.

“हे पन्नास माझ्या सहीने आलेत, वहिनी.”

वहिनीने हात लांबवून लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “माझ्यापुढे रडू नकोस. काय करणार आहेस ते सांग.”

सकाळी इस्त्री हाताला सुवासिक क्रीम चोळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हजारात एखादी केस.”

“त्या एखादीला भेटायला येता?”

“भावनेच्या भरात जाऊ नका. आणि सही तुमचीच आहे, नाही का?” बोटांच्या बेचक्यांतून क्रीम फिरत राहिलं. त्या वासाची तिला शिसारी आली. त्याहून शिसारी याची, की माणूस खरं बोलत होता.

जागेवर येऊन तिने प्रोग्राम बनवणाऱ्या सगळ्यांना पत्र धाडलं : चिप गप्प असेल तेव्हा आम्ही पन्नास हा आकडा मनाने टाकतो, त्यावर विसंबू नका. खाली स्वतःचं नाव. तासाभरात फोन खणखणू लागले आणि इस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच चढला. तिच्या ठरलेल्या बढतीवर पाणी पडलं. पाच आठवड्यांनी दुरुस्ती निघाली. आता आकड्यासोबत तो कधी मोजला तेही कळे, आणि मोजलाच नसेल तर ‘माहीत नाही’.

बैठकीत इस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाले, “प्रामाणिकपणा हेच आमचं धोरण.” टाळ्या पडल्या. चिमी उठून बेसिनवर गेली आणि चूळ भरत राहिली.

दरम्यान तिने कोर्टाला लेखी कळवलं होतं की साक्ष गेली ती आमच्या चुकीने, लघुलेखिकेच्या नाही. आधीची नोंदच नाही, तर ‘वेगळं सांगितलं’ हे ठरवायचं कशावरून? न्यायाधीशांनी वकिलाचा तो शेरा काढून टाकला. वहिनीने फोनवर सांगितलं.

“ती बाई आली होती?” चिमीने विचारलं.

“आली होती. माझ्या टेबलाकडे पाठ करून बसली.”