शफीकच्या कानाची परीक्षा

एकोणीसशे सदतीस साली रिसोडच्या शफीक अत्तरवाल्याला भर बाजारात भोवळ यायला लागली. डावा कान गुणगुणायचा, जमीन फिरायची आणि जो जवळ असेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. बाजाराने निदान केलं: पितो. हे निदान शिरपूरला फय्याज कापडवाल्याच्या कानी गेलं आणि तो आपल्या अन्वरीची शफीकशी ठरलेली सोयरीक मोडायला आला.

शफीकची आई रहमतबी दारातच उभी राहिली. "आधी परीक्षा घ्या, फय्याजभाई. मंग मोडा."

फय्याजने शफीकच्या तोंडाचा वास घेतला. हिन्याचा आला. त्या घरात मांजरालाही हिन्याचाच यायचा. मग त्याने अंगणात रेघ ओढून शफीकला तिच्यावरून चालायला लावलं. शफीक थेट कोंबड्यांच्या खुराड्यात गेला.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. पेलेला पडते, बिमारही पडते. तुमच्या रेघेले काय समजते? वाशीमले चला."

वाशीमला डॉक्टर सरंजाम्यांनी कान तपासायचा पोलादी चिमटा वाजवून शफीकच्या कपाळावर टेकवला. आवाज उजव्या कानात येतो, असं शफीक म्हणाला. म्हणजे डावा बिघडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"हा म्हणते अन् तुमी मानता?" फय्याजने विचारलं.

शंका रास्त होती. डॉक्टरांनी पिचकारी घेतली. उजव्या कानात गार पाणी जाताच शफीकचे डोळे झरझर हलू लागले. थोड्या वेळाने डाव्यात घातलं. डोळे जागेवरच राहिले.

"डोळ्यांना खोटं बोलता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "निरोगी माणसाला दोन्ही कानांनी गरगरतं. याचा डावा कान आतून बिघडलाय. दारूचा संबंध नाही."

"पान्यानं मानूस गरगरते? मले नका शिकवू!"

"मंग घाला यायच्याही कानात," रहमतबी म्हणाली.

आता नाही म्हणणं फय्याजला शोभलं नसतं. दोन्ही कानांनी त्याला गरगरलं. "उत्तम प्रकृती," डॉक्टर म्हणाले, तेव्हा फय्याज तसराळ्यात ओकत होता.

पडून राहा म्हटलेलं त्याने ऐकलं नाही. शफीकच्या खांद्यावर लोंबकळत तो रस्त्यावर आला, तर समोर शिरपूरकडचं जुनं गिऱ्हाईक, हेमसिंग.

"काहून फय्याजमिया, दिवसाढवळ्या?"

"कानात पानी घातलं रे!"

"कानात?" हेमसिंग अदबीने म्हणाला. "आमी तोंडातून घेतो."

"याले इचार! माझ्या जावयाले!"

रहमतबी पुढे झाली. "जावई म्हनलं ना? मंग तारीख काढा. इथंच, यायच्यासमोर."

"काढतो," फय्याजने खांब धरला. "पन निकाहाले डॉक्टरले घेऊन या. मले शिरपुरात राहाचं हाय."